घरची शाळा : ‘ताठ बस!’

गेल्या दोन महिन्यांत आमच्याकडे आलेल्या पत्रांपैकीं तीन पत्रें एकाच विषयावर आहेत. तिन्ही भगिनींच्या घरीं शाळेंत जाणारीं मुलें आहेत. तीं पोक काढून बसतात, तासन्‌तास मान खालीं घालून मोबाईलमध्यें पाहतात, आणि ‘ताठ बस’ हे शब्द दिवसांतून पन्नास वेळां उच्चारून घरांतील वडील माणसें आतां थकलीं आहेत. एकीनें विचारलें आहे कीं, पाठीवर चिकटविण्याचें जें लहानसें यंत्र हल्लीं विकत मिळतें आणि मूल वांकलें कीं थरथरूं लागतें, तें घ्यावें काय? दुसरीच्या सासूबाईंचें मत असें कीं, यंत्रांवर पैसे घालवूं नयेत. रोज बारा नमस्कार घातले कीं पाठ आपोआप सरळ होते. तिसरीनें प्रश्न असा विचारलेलाच नाहीं. ‘मुलगी बारा वर्षांची आहे, किती सांगितलें तरी एक खांदा वर करूनच बसते,’ एवढें लिहून तिनें आपलें गाऱ्हाणें संपविलें आहे. हें वाक्य वाचून आम्ही दचकलों. त्या भगिनीस आम्हीं त्याच दिवशीं स्वतंत्र पत्र लिहिलें. त्यांत काय लिहिलें तें पुढें सांगूं.

‘ताठ बस’ या मंत्रावर आमचा अधिकार मोठा आहे. छत्तीस वर्षें आम्हीं वर्गांत तो जपला. परिणाम प्रत्येक वेळीं एकच: चाळीस पाठी एकदम उभ्या राहत, आम्ही फळ्याकडे वळलों कीं एकेक करून खालीं येत, आणि पुन्हां वळून पाहावें तों वर्ग होता तसा. तेव्हां आम्हांस यांत मुलांचा हट्ट दिसे. आज असें वाटतें कीं, त्यांच्याकडून न होणारी गोष्ट आम्ही मागत होतों. भरलेली कळशी हात लांब करून धरावयास सांगितली, तर धट्टाकट्टा मनुष्यहि दोन मिनिटांत हात खालीं आणील. त्यास आपण आळशी म्हणणार नाहीं. पाठीचे स्नायू हेहि स्नायूच. एका ठेवणींत खिळवून ठेवले कीं ते थकतात, आणि ते थकले कीं शरीर आपला भार त्यांच्यावरून काढून कण्याचे सांधे व बंधनें यांवर टाकतें. मूल पोक काढतें तें बहुधा अशा वेळीं.

घरांतील वडिलधारी माणसें येथें गीतेचा सहावा अध्याय पुढें करतात. शरीर, मस्तक व मान एका रेषेंत आणि निश्चल ठेवावीं, असें तेथें सांगितलें आहे हें खरें. परंतु तो उपदेश ध्यानाला बसणाऱ्यास आहे, बीजगणित सोडविणाऱ्या पोरास नव्हे. ज्यास लिहावयाचें आहे त्यास वहीकडे पाहावेंच लागतें. शिवाय पतंजलीनें आसनाचें लक्षण सांगतांना स्थैर्याच्या जोडीला सुखहि सांगितलें आहे. आपण मुलांस त्यांतील अर्धेंच शिकवितों. पूर्वीं सगळे ताठ बसत, हीहि एक समजूतच आहे. बुटक्या डेस्कापुढें मांडी घालून दिवसभर खतावणी लिहिणाऱ्या कारकुनांच्या पाठी ज्यांनीं पाहिल्या आहेत, ते असें म्हणणार नाहींत. पाठशाळेंतला विद्यार्थी ताठ दिसे, त्याचें कारण निराळें. त्याला लिहावयाचें थोडें आणि म्हणावयाचें फार असे. पोथी घडीच्या लाकडी घोडीवर समोर ठेवलेली असे. आणि पाणी भरणें, फुलें आणणें, गुरुगृहींचीं सतरा कामें यांसाठीं त्यास वरचेवर उठावें लागे.

मुलांस यंत्रानें ताठ करण्याची कल्पनाहि आजची नाहीं. जर्मनींतील लाइपझिग शहरांत डॉ. मोरिट्झ श्रेबर (१८०८-१८६१) नांवाचे वैद्य होऊन गेले. मुलांच्या बसण्याच्या ठेवणीचा त्यांनीं ध्यासच घेतला होता. लिहितांना मूल पुढें झुकूं नये म्हणून त्यांनीं एक लोखंडी आडवी पट्टी योजिली. ती मेजाला पक्की बसवीत आणि ती मुलाच्या गळ्याखालीं, खांद्यांच्या पुढें येई. मूल वांकलें कीं लोखंड हाडास लागे. आपलीं साधनें त्यांनीं घरच्या मुलांवरहि चालविलीं. त्यांपैकीं एक मुलगा पुढें न्यायाधीश झाला. त्यास मनोविकार जडून कित्येक वर्षें रुग्णालयांत काढावीं लागलीं, आणि १९०३ सालीं त्यानें आपल्या आजाराची हकीकत छापून प्रसिद्ध केली. मानसशास्त्राचे अभ्यासक ती आजहि वाचतात. बापाच्या लोखंडामुळेंच असें झालें असें आम्ही म्हणत नाहीं. तें सिद्ध झालेलें नाहीं. पण त्या पट्टीचें चित्र पाहिल्यापासून ‘ताठ बस’ म्हणतांना आमची जीभ अडखळते, हें मात्र खरें.

आजचें यंत्र त्या मानानें गरीब आहे. अंगठ्याएवढी डबी, तिच्या पोटांत पृथ्वीच्या आकर्षणाच्या दिशेवरून कल ओळखणारा एक सूक्ष्म घटक असतो. मोबाईल आडवा धरला कीं पडद्यावरचें चित्र फिरतें, तें अशाच घटकामुळें. प्रथम ताठ बसून ‘ही माझी सरळ ठेवण’ असें त्यास पढवावें लागतें. तेथून ठराविक अंशांपलीकडे पाठ झुकली कीं तें थरथरतें. म्हणजे त्यास कळतो तो केवळ कल. मूल लिहीत आहे कीं पेंगत आहे, स्नायू थकले आहेत कीं मुलाचें मनच अभ्यासांतून उठलें आहे, हें त्या डबीस कळत नाहीं. आठवण करून देणारा गडी म्हणून चार-आठ दिवस तिचा उपयोग होईल. पण आठवण झाल्यानें अंगांत बळ येत नाहीं, आणि उंच खुर्चींत पाय लोंबकळत बसलेल्या मुलास ती शंभरदां थरथरली तरी पाय टेंकावयास जमीन मिळत नाहीं.

मोबाईलविषयीं एक आंकडा घरोघर फिरतो, त्याचाहि समाचार घेऊं. न्यूयॉर्कचे शस्त्रवैद्य डॉ. केनेथ हंसराज यांनीं २०१४ सालीं असें गणित मांडलें कीं, माणसाचें डोकें साडेचार ते साडेपांच किलोचें. तें १५ अंश पुढें झुकलें कीं मानेच्या कण्यावर सुमारें १२ किलोंचा, ३० अंशांवर १८, ४५ अंशांवर २२ आणि ६० अंशांवर २७ किलोंचा भार पडतो. गणित विचार करण्यासारखें आहे. परंतु तें संगणकावर रचलेल्या नमुन्याचें आहे, जिवंत मुलांच्या मानेचें मोजमाप नव्हे. ब्राझीलमधील संशोधकांनीं १८ ते २१ वर्षांच्या दीडशे तरुणांस प्रत्यक्ष तपासून २०१८ सालीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. मान वांकवून मोबाईल पाहणें आणि मान दुखणें यांचा संबंध त्यांस आढळला नाहीं. म्हणून मोबाईल निर्दोष ठरतो असें नव्हे. मुलांच्या झोंपेचें तो काय करतो तें आपण सर्व पाहतोंच. एवढेंच कीं, ‘तुझ्या मानेवर सत्तावीस किलोंचें पोतें आहे’ असें सांगून मुलांस भिवविण्यांत अर्थ नाहीं. मान वांकविण्यासाठींच दिलेली आहे. ती दोन-दोन तास वांकलेली ठेवण्यासाठीं दिलेली नाहीं.

तेव्हां मूल कसें बसतें यापेक्षां एका जागीं किती वेळ बसतें, हें आधीं पाहावें. वीस-पंचवीस मिनिटें झालीं कीं त्यानें उठलेंच पाहिजे, मग तें कितीहि ताठ बसलेलें असो. यासाठीं निराळें यंत्र नको; मोबाईलमधला गजर पुरतो, आणि त्या मोबाईलकडून घेण्यासारखी एवढी एक सेवा तरी घ्यावी. आमच्या सूनबाईंनीं याहून सोपी युक्ति काढली आहे. पाण्याचा तांब्या मुलांच्या मेजावर ठेवावयाचा नाहीं, स्वयंपाकघरांत ठेवावयाचा. तहान लागली कीं मूल आपण होऊन उठतें, आणि कोणी कोणास कांहीं बोलावें लागत नाहीं.

बैठकीविषयीं आमचें सांगणें थोडक्यांत असें. मोठ्यांच्या खुर्चींत मूल बसवावयाचें असेल तर पायांखालीं पाट द्यावा; तळवे पुरते टेंकले पाहिजेत. मेजाची उंची कोंपराला बरोबर यावी. मेज उंच असलें कीं खांदे कानांशीं जातात, बुटकें असलें कीं पाठ गोल होते. लॅपटॉप या इंग्रजी नांवांतच मांडी आहे, पण तो मांडीवर घेऊं नये. चार जाड शब्दकोश त्याच्याखालीं घालून पडदा नजरेच्या रेषेजवळ आणावा, आणि टंकण्यासाठीं वेगळा कळफलक जोडावा. घरांतील शब्दकोशांस पुष्कळ दिवसांनीं काम मिळेल. वाचावयाचें पुस्तक सपाट ठेवूं नये. डेन्मार्कचे शस्त्रवैद्य डॉ. मांडाल यांनीं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत शाळांतल्या सपाट मेजांविरुद्ध मोठी मोहीम केली. मेजाचा पृष्ठभाग विद्यार्थ्याकडे उतरता असावा आणि मेज उंच असावें, असें त्यांचें म्हणणें. आपल्यांपैकीं कित्येकांच्या माळ्यावर आजोबांचें उतरतें डेस्क धूळ खात पडलें असेल. तें खालीं काढून मेजावर ठेवावें. कारकुनांच्या पाठी वांकल्या त्या डेस्काच्या उतरणीनें नव्हे, त्याच्या बुटकेपणानें आणि आठ-दहा तासांच्या बैठकीनें. दप्तराविषयीं २०२० च्या शालेय दप्तर धोरणांत नियम आहे कीं, मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून तें जड नसावें. पस्तीस किलोंच्या मुलास साडेतीन किलो. एकदां घरीं काट्यावर ठेवून पाहावें.

आतां नमस्कार. सासूबाईंचा पक्ष आम्हांस जवळचा आहे, आणि त्यास आपल्या प्रांतांत परंपराहि मोठी आहे. औंध संस्थानचे अधिपति भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधि (१८६८-१९५१) हे आरंभीं सँडो या युरोपीय मल्लाच्या पद्धतीचे भक्त होते. त्याचीं उपकरणें आणि पुस्तकें आणवून त्यांनीं वर्षानुवर्षें तो व्यायाम केला. पुढें ते सूर्यनमस्कारांकडे वळले, आपल्या संस्थानांतील शाळांत त्यांनीं ते सुरू केले, त्यांवर पुस्तकें लिहिलीं, आणि १९३८ सालीं लंडनमध्येंहि त्यांचें या विषयावरील पुस्तक निघालें. पाश्चात्य उपकरणें बाजूस ठेवून राजानें सतरंजी पत्करली, याचें आम्हांस लहानपणापासून कौतुक आहे.

नमस्कारानें पाठीस काय मिळतें तें नीट पाहिलें पाहिजे. फार वेळ बसलेल्या मुलाची छाती आंखडते, खांदे पुढें येतात, जांघेच्या पुढचे स्नायू आंखूड राहतात. नमस्कारांत एक पाय मागें टाकला कीं जांघ ताणली जाते. हातांवर शरीर तोललें कीं पोट व दंड राबतात. छाती वर उचलून दृष्टि वर नेली कीं कणा उलट्या दिशेनें वळतो. खुर्चींत जें मिटलें होतें तें येथें उघडतें. परंतु एक उणीव आहे, आणि ती नमस्कारांच्या अभिमान्यांनींहि मान्य करावी. नमस्कारांत हात जमीन रेटतात. ओढीत कांहींच नाहींत. दोन्ही फऱ्यांच्या मधले जे स्नायू खांदे मागें धरतात, त्यांस ओढण्याचें काम लागतें. आमच्या लहानपणीं ही उणीव विहीर भरून काढी; दहा घागरी पाणी शेंदलें कीं पाठीचा तो भाग भरून येई. आतां नळ आले, तेव्हां मल्लखांब, दोरी, आखाड्यांतला आडवा बार, निदान अंगणांतली आंब्याची भक्कम फांदी, यांस मुलांनीं रोज लोंबकळावें. मुलींनींहि. आणि बारा नमस्कारांस पांच-सात मिनिटें लागतात. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० मध्यें पांच ते सतरा वर्षांच्या मुलांस रोज सरासरी साठ मिनिटें दम लागेल अशी हालचाल सांगितली आहे. बाकीचीं मिनिटें मैदानावरच भरून काढावीं लागतील. शिकवणीच्या वर्गांस संध्याकाळ विकून टाकलेल्या घरांस हें कसें जमणार, तें ज्याचें त्यानें पाहावें.

आतां तें तिसरें पत्र. हें लिहिणें आम्हांस सोपें नाहीं.

पुष्कळ वर्षांपूर्वीं आमच्या सहावीच्या वर्गांत एक मुलगी होती. अबोल, हुशार, अक्षर सुरेख. तिचा उजवा खांदा नेहमीं वर असे. दप्तर एकाच खांद्यास अडकविल्यामुळें असें होतें, हा निष्कर्ष आम्हीं कोणासहि न विचारतां काढला. दोन वर्षें आम्ही तिला टोंकीत होतों. दोनदां भिंतीशीं पाठ लावून उभें केलें, मुलें हंसलीं. ती कांहीं बोलली नाहीं. ती नववींत असतां घरच्या एका लग्नांत साडी नेसवितांना तिच्या मावशीच्या लक्षांत आलें कीं, पाठीची एक बाजू फुगीर आहे. शहरांतील डॉक्टरांनीं क्ष-किरण चित्र घेतलें. कणा बाजूस साठ अंशांहून अधिक वळलेला निघाला. मोठी शस्त्रक्रिया करावी लागली. तिच्या रजेचा अर्ज घेऊन आई शाळेंत आली, तेव्हां आम्हीं विचारपूस केली. ती माउली रागावली नाहीं. एवढेंच म्हणाली, “गुरुजी, पोर ताठच बसत होती हो. तिचं ताठ तेवढंच होतं.”

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

या विकारास डॉक्टर स्कोलिओसिस म्हणतात. कणा बाजूस वळतो आणि स्वतःभोंवतीं पिळतो. बहुतेक मुलांत त्याचें कारण सांपडत नाहीं. पोक काढून बसल्यानें अगर दप्तरानें तो होत नाहीं, आणि म्हणूनच ताठ बसवून तो जातहि नाहीं. दहा अंशांहून अधिक वळण शंभरांत दोन-तीन मुलांत असतें. पुष्कळांत तें किरकोळच राहतें, पण झपाट्यानें उंची वाढण्याच्या वयांत, विशेषतः मुलींत, तें वाढूं शकतें. बहुधा दुखत नाहीं, यामुळें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. पाहण्याची रीत मात्र अगदीं साधी आहे. ॲडम्स नांवाच्या इंग्रज शस्त्रवैद्यानें ती १८६५ सालीं सांगितली. मुलानें पाय जुळवून, गुडघे न वांकवितां, दोन्ही तळहात जोडून लोंबते सोडून कमरेंतून पुढें वांकावें. आईनें अगर आजीनें मागून उघड्या पाठीकडे पाहावें. पाठीची एक बाजू दुसरीहून उंच दिसली, एक फरा अधिक वर आला, किंवा मूल उभें असतां कमरेच्या दोन घड्या असमान दिसल्या, तर अस्थिवैद्याकडे जावें. मालीस करणाऱ्याकडे नव्हे. दहा ते पंधरा या वयांत दर सहा महिन्यांनीं एकदां पाहावें. अर्धें मिनिट लागतें.

आणि येथें यंत्राचा खरा उपयोग आहे. वाढ चालू असलेल्या मुलांत मध्यम वळण असेल तर कपड्यांखालीं घालावयाचा, अंगाच्या मापानें घडविलेला प्लास्टिकचा कठीण पट्टा देतात. अमेरिका व कॅनडांत झालेली एक मोठी चाचणी २०१३ सालीं प्रसिद्ध झाली. पट्टा वापरणाऱ्या मुलांत शेंकडा ७२ जणांचें वळण शस्त्रक्रियेच्या मर्यादेपर्यंत गेलें नाहीं. नुसतें लक्ष ठेवलेल्यांत हें प्रमाण शेंकडा ४८ होतें. जीं मुलें रोज सुमारें तेरा तास किंवा अधिक पट्टा वापरीत, त्यांत यश शेंकडा नव्वदांच्या वर गेलें. वाढ संपल्यावर मात्र पट्ट्याचा उपयोग उरत नाहीं. आमच्या त्या विद्यार्थिनीचीं वाढीचीं दोन वर्षें आमच्या टोंकण्यांत गेलीं.

तिसऱ्या भगिनीस आम्हीं हेंच लिहिलें: मुलीस आजच वांकवून पाहा, आणि तोंवर तिला एक शब्दहि बोलूं नका. उत्तर अजून आलेलें नाहीं. आम्ही रोज टपालाची वाट पाहत आहों.

राहिली पहिली भगिनी आणि तिचें यंत्र. सांगावयास संकोच वाटतो, पण तें आमच्या घरांत गेल्या चैत्रापासून आहे. आमच्या चिरंजीवांनीं नातीसाठीं आणलें. पहिल्या आठवड्यांत तिला मोठी गंमत वाटली, दुसऱ्यांत ती चिडूं लागली, तिसऱ्यांत तिनें तें उशीखालीं ठेवून दिलें. ज्यांस हौस असेल त्यांनीं घ्यावें; ज्यांस नसेल त्यांच्या मुलांचें त्यावांचून कांहीं अडणार नाहीं. गेल्या रविवारीं मात्र नातीनें तें शोधून काढलें, नवी चिकटपट्टी लावली, आणि “आजोबा, तुम्ही लिहितांना कसे बसतां तें पाहूं,” म्हणून आमच्या पाठीवर डकविलें. हा लेख लिहावयास बसलों तो त्यासकट. पहिल्या पंधरा मिनिटांत तें नऊ वेळां थरथरलें. आंकडा तिनें वहींत टिपला आहे. आतां ती दारांत उभी आहे. तिच्या गजराप्रमाणें आमचीं पंचवीस मिनिटें केव्हांच होऊन गेलीं, आणि पाण्याचा तांब्या स्वयंपाकघरांत आहे.